झेला

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या स्वयंपाकघरात चाळण्यांचे संमेलन भरते. मैद्याची बारीक चाळण, रव्याची तिच्याहून मोकळी, पोह्यांची त्याहूनही मोकळी, आणि अध्यक्षस्थानी तळणीचा झारा. यंदा या संमेलनात एक उपरा पाहुणा शिरला. वेताचे लांबट कडे, त्याला लोंबणारी काळी रबरी झोळी आणि तीन हात लांबीचा बांबूचा दांडा. मी ती वस्तू धुऊन खिडकीपाशी वाळत लावली होती. सौ.ने चकलीचे पीठ मळता मळता फर्मावले, "तुमचं ते मासे सोडायचं यंत्र आधी इथून हलवा."

बायकोने केलेली व्याख्या इतकी अचूक निघेल असे मला वाटले नव्हते. त्या वस्तूची व्याख्या मी गेली दोन वर्षे शोधत होतो, आणि ती शोधताना माझ्या हातून एक मासा मेला. वाचकहो, वर्षभर या सदरात मी तुम्हांला लोकलगाडीच्या, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या आणि शेजारपाजारच्या गोष्टी सांगत आलो. आज या एका जाळ्याची सांगतो.

आरंभ झाला तो माझ्या भाच्यामुळे. हे चिरंजीव स्कॉटलंडात नोकरीला आहेत. परवाच्या सालच्या दिवाळीत आले, ते एक लांब, हलकी काठी घेऊन. जाताना म्हणाले, "मामा, ही तुम्हांला. तुम्हांला मोकळ्या हवेची गरज आहे." मराठीच्या प्राध्यापकाला मोकळ्या हवेची गरज आहे हे खरे, पण ती मासे धरून भागवावी, ही कल्पना आमच्या घराला नवी होती. आमचे घर मत्स्याहारी आहे, कट्टर आहे. मात्र मासा बाजारातून येतो, नदीतून नव्हे, अशी आमची पिढीजात श्रद्धा.

भाच्याने दिलेली विद्या निराळीच. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिशाचे वजन बांधतात आणि त्या वजनाच्या जोरावर गळ लांब फेकतात. इथे आमिष म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन म्हणून नाहीच. म्हणून दोरीच जाड आणि जड करतात. काठीच्या झोक्याने दोरी हवेत उलगडत जाते आणि शेवटी ती माशी पाण्यावर अलगद टेकते. माशीने मासा धरायचा! एवढ्या एका अनुप्रासावर मी भाळलो, हे कबूल करतो. पण या जाड दोरीच्या टोकाला बांधलेला धागा केसासारखा बारीक असतो, नाहीतर माशाला तो दिसेल. पाण्यात असतो तोवर मासा त्या धाग्यावर आवरतो, कारण त्याचा भार पाण्याने तोललेला असतो. तोच तसाच वर उचलायला गेलात की सारे वजन आणि वर एक तडफड धाग्यावर येते, आणि धागा तुटतो. तोंडात काटा घेऊन मासा जातो आणि आपण काठी घेऊन उरतो. म्हणून अखेरच्या घटकेला माशाच्या खाली धरायला एक जाळे लागते.

या जाळ्याला मराठीत काय म्हणावे, यावर आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत एक पूर्ण तास खर्ची पडला. संस्कृतच्या सहकाऱ्यांनी 'मत्स्यावतरणी' हा शब्द बहाल केला. तो ऐकून मासे आपण होऊन पळतील, असे इतिहासवाले म्हणाले. मला मात्र शब्द आठवला तो कोकणातला. आंबा काढायच्या लांब काठीच्या टोकाला कडे आणि जाळीची झोळी असते, त्याला झेला म्हणतात. झाडावरचा आंबा खाली न आपटता झोळीत यावा, एवढेच त्याचे काम. आंब्याला जो झेला, तोच माशाला. शब्द ठरला. वस्तू आणायची राहिली.

मुंबईतल्या एका दुकानात गेलो. तिथे हिरव्यागार नायलॉनची, घट्ट गाठींची, दोन बोटे सहज जातील एवढ्या घरांची जाळी टांगली होती. दांडा अल्युमिनियमचा, लांबवता येणारा. स्वस्त होते. "सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला. सगळे नेतात ते आपण न्यावे, या न्यायाने आजवर माझी चप्पल, छत्री आणि विमा घेतला गेला आहे. तसेच जाळेही घेतले.

आम्ही राहतो अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात. शेतांच्या जागी इमारती आल्या, त्यांतल्या एकीच्या पाचव्या मजल्यावर. शेजारून जाणाऱ्या वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर आजही उभे आहे. पण कारखान्यांच्या सांडपाण्याने त्या नदीत गळ टाकावा असे काही ठेवलेले नाही. म्हणून जायचे ते उल्हासवर. खंडाळ्या-राजमाचीच्या डोंगरांतून उतरलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करीत खाडीला मिळते. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिला मिळते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते.

मे महिन्याची सुट्टी लागली. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन मी कर्जतच्या वरच्या अंगाला एका डोहावर गेलो. दोन तास माशी पाण्यावर नाचवली. तिसऱ्या तासाला काठी वाकली. वाचकहो, पंचवीस वर्षांच्या अध्यापनात एवढा आनंद मला झाला नव्हता. दहा-बारा मिनिटे तो मासा दोरी ओढीत डोहभर हिंडला, आणि मी त्याला हिंडू दिले. खरे सांगायचे तर मुलीने पाहावे म्हणून हिंडवले. मग तो कडेला आला. मोठमोठ्या खवल्यांचा, पिवळसर सोनेरी, हातभर लांबीचा महसीर. आपल्याकडे याला कुठे खडस म्हणतात, कुठे खडशी.

पुढचे सारे मी चुकीचे केले. जाळे पाण्यात आधीपासून धरून मासा त्याच्यावर आणायचा, हे मला ठाऊक नव्हते. मी जाळे घेऊन माशाच्या मागे लागलो. दोनदा कड्याचा फटका त्याला बसला. तिसऱ्यांदा तो आत आला, तसा मी त्याला पाण्याबाहेर काढून तापलेल्या कातळावर ठेवला. त्याचे पर जाळ्याच्या घरांत अडकून चिरले. गळाचा उलटा काटा नायलॉनच्या गाठीत गुंतला, तो सोडवण्यात वेळ गेला. कोरड्या हातांनी मी त्याला घट्ट धरला. मग मुलीला फोटो काढायला सांगितला, आणि पहिला हलला म्हणून दुसरा. भाच्याने बजावले होते तसे शेवटी मी त्याला मोठ्या उदार मनाने पाण्यात सोडले.

तो आडवा झाला. पांढरे पोट वर करून प्रवाहाबरोबर हळूहळू जाऊ लागला. मुलगी काठाकाठाने थोडी पुढे गेली आणि परत आली. "बाबा, तुम्ही त्याला सोडलंत ना?" तिने विचारले. "मग तो जात का नाही?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला पंचेचाळीस मिनिटे उत्तर देण्याची मला सवय आहे. त्या दिवशी एक वाक्य सुचले नाही. कर्जतहून परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी त्या हिरव्या जाळ्याला चिकटलेले दोन खवले पाहत होतो.

माणसाला अपराध वाटला की तो वाचू लागतो. निदान मास्तर तरी. कपाटातून मी 'मानसोल्लास' काढला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा. त्यात जुन्या मराठीच्या काही ओळी सापडतात म्हणून आम्ही तो वर्गात नुसता उल्लेखून पुढे जातो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा कुठे असतो, त्याला काय चारावे, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, हे सारे राजाने सांगितले आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळाच्या मासेमारीवरचे गाजलेले पुस्तक निघाले ते १६५३ साली, म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशे वर्षांनी. पंचवीस वर्षे मी त्या ग्रंथातल्या मराठी ओळी शिकवल्या; मासे तसेच सोडून दिले. तेवढेच मासे माझ्या हातून सुखरूप सुटले म्हणायचे!

मग माझ्या माशाचे नाव शोधले. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद करणारा कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाला नाव दिले, ते काठच्या लोकांच्या तोंडून ऐकून. खुद्री, कोलस, नुक्ता, मुल्या, ही त्याने दिलेली नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. आपल्या भाषेतले शब्द लंडनला जाऊन शास्त्र झाले, आणि मी त्यांतल्या एका शब्दाचा कर्जतजवळ जीव घेतला.

जुन्या पालेगावात एक म्हातारबा राहतात. आगरी घर. जन्मभर पाग फेकली, अजूनही स्वतः विणतात. ओट्यावर बसून सुईने एकेक गाठ मारीत असतात. घर किती मोठे, हे मोजायला पट्टी नाही, बोटे आहेत. मला ते मास्तर म्हणतात. माझी हकिगत त्यांनी गाठी मारता मारता ऐकून घेतली.

"मास्तर, जाल्याचा काय दोष?" ते म्हणाले. "जालं धरायलाच केलेलं. त्यानं धरलं. घाई तुमची."

मी त्यांना भाच्याने सांगितलेल्या, गाठी नसलेल्या जाळ्याबद्दल विचारले. त्यांचा हात थांबला. "गाठीबिगर जालं? मग ते धरनार कशानं?"

मग बराच वेळ ते वलगणीबद्दल बोलत राहिले. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे नदीला मिळाले की मासे अंडी घालायला पाण्याविरुद्ध चढून भातखाचरांपर्यंत येतात. त्या रात्री गाव कंदील घेऊन बाहेर पडे. पोटात गाभोळी भरलेले मासे टोपल्यांनी घरी येत. "ती चव आता नाय," म्हातारबा म्हणाले, आणि जरा वेळाने, "आन् आता मासा पन नाय." शेते बुजली, ओढे बांधले गेले, पाणी नासले, एकट्या टोपल्यांनी नदी रिकामी झाली नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते. पण ते वाक्य बोलून त्यांनी पुन्हा गाठ मारायला घेतली, आणि मला त्यांच्यापुढे माझ्या फोटोंची लाज वाटली. त्यांनी मारले ते खाल्ले. पोटासाठी धरणाऱ्याला भुकेची तरी मर्यादा असते. हौसेला मर्यादा नसते. ती हौशी माणसाने स्वतः आणावी लागते.

घरी आल्यावर मी सौ.ला म्हटले, जाळे बदलावे म्हणतो, पण घरे केवढी असावीत हे कळत नाही. ती रवा चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "चाळणीचं तसंच असतं. वर काय ठेवायचंय नि खाली काय जाऊ द्यायचंय, ते आधी ठरवावं. मग भोकं बघावीत."

मला तर वर काहीच ठेवायचे नव्हते. धरून ठेवण्यासाठी केलेली वस्तू मी सोडून देण्याच्या कामाला लावली होती, तिथेच सारे चुकले. एकदा हे कळल्यावर निवड सोपी झाली. ज्यांच्या घरात अशी काठी आली असेल, किंवा ज्यांचा मुलगा हट्ट धरून बसला असेल, त्यांच्यासाठी ती इथे सांगतो.

पहिली झोळी पाहावी. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचे चिलखत. गाठीच्या खरबरीत जाळ्याने तो खरवडला की बुरशी आणि रोग आत शिरतात. मासा तुमच्यासमोर पोहत जातो आणि चार दिवसांनी मरतो. म्हणून झोळी बिनगाठीची आणि मऊ, शक्यतो रबराची. तिच्यात गळही गुंतत नाही. घरे फार मोठी असली तर पर अडकून चिरतात. फार बारीक असली तर झोळी पाण्यात ओढली जाते आणि प्रवाहात हाताला आवरत नाही. तळ पसरट असावा, खोल पिशवी नको, नाहीतर मासा धनुष्यासारखा वाकून पडतो. कडे, ज्या माशाची आशा धरली असेल त्याच्या निम्म्या लांबीहून चांगले मोठे. लहान मासा मोठ्या झेल्यात सुखाने राहतो. मोठा मासा लहान झेल्यात राहत नाही. दांडा, पाण्यात उतरून उभे राहणार असाल तर हातभर; पण आपल्या नद्यांचे काठ उंच आणि कातळांचे, तिथे तीन-चार हातांचा लागतो. मात्र लांब दांड्याने भरला झेला आडवा उचलू नये, वाकतो. दांडा आपल्याकडे ओढून घ्यावा. रंग काळा किंवा मातकट. हिरवा-पिवळा भपका गिऱ्हाइकासाठी असतो, माशासाठी नव्हे.

आणि झेला कितीही चांगला घेतला तरी बाकीचे आपल्याच हातात. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. झेला पाण्यात बुडवून स्थिर धरावा आणि मासा त्याच्यावर आणावा. हात ओले करावेत. मासा झोळीत असला तरी पाण्यातच राहू द्यावा, तोंड प्रवाहाकडे. चैत्र-वैशाखात पाणी तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो, झुंजून दमलेला मासा सावरत नाही. त्या दिवसांत काठी घरी ठेवावी. माझी सुट्टी मे महिन्यात पडते, हा माशाचा गुन्हा नव्हे. धरणांत आणि तलावांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

यात पाश्चात्त्यांचे कौतुक करायचे कारण नाही. आंब्याच्या झेल्याची गोष्ट हीच. जुन्या झेल्याने आंबा हिसकला की देठ तुटून चीक सालीवर सांडे, डाग पडे आणि फळ टिकत नसे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला. त्यात पाते बसवले, त्यामुळे आंबा थोड्या देठासकट कापून झोळीत उतरतो. काढायचाच आहे, पण इजा न करता. आणि माशाला हात न लावण्याचे व्रतही आपल्याकडे आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे महसीर आहेत. गाव त्यांना मारीत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची अंडी उबवून पिल्ले वाढवली आणि देशभरच्या पाण्यांत सोडली. समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ साली किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान तो धरायचा नाही. देवीचा धाक असो, शास्त्र असो की कायदा, सौ.चाच प्रश्न सगळीकडे आहे: खाली काय जाऊ द्यायचे?

रबरी झोळी भाच्याने पाठवली. वेताचे कडे आणि बांबूचा दांडा म्हातारबांनी करून दिला. झोळी त्यांनी बोटांनी ताणून पाहिली, घर मोजले, नाक मुरडले. "लोकाच्या हाती देऊ नका. हसतील," म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

गेल्या माघात, थंडी होती तोवरच, मी मुलीला पुन्हा चलतेस का म्हणून विचारले. ती लगेच हो म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली. यावेळी बदलापूरच्या जरा वर थांबलो. दुपारपर्यंत काही नाही. मग एक वीतभर खवल माशीवर आली. महसीर नव्हे, काही नव्हे, बाजारात कुणी ढुंकून पाहणार नाही अशी. मी तिला हिंडवली नाही, सरळ कडेला आणली. झेला मुलीच्या हातात होता. तिने तो गुडघाभर पाण्यात बुडवून धरला होता, इतका निश्चल की तिचे ओठही हलत नव्हते. मासा झोळीवर आला. तिने झेला जरासा उचलला, मासा आणि पाणी दोन्ही आत. ओल्या बोटांनी मी गळ काढला. दाबलेला काटा, अलगद निघाला. मग मुलीने माशाचे तोंड प्रवाहाकडे केले आणि आम्ही दोघे वाकून त्याचे कल्ले उघडमीट होताना पाहत राहिलो. फोन खिशातच राहिला.

तिने कडे तिरपे केले. मासा क्षणभर तिथेच थांबला. माझ्या पोटात गोळा आला. मग शेपटीचा एक झटका, पाण्यात थोडा गाळ उठला, आणि झोळी रिकामी.

"गेला," ती म्हणाली. मेपासून मनात धरून ठेवलेला श्वास तिने त्या एका शब्दात सोडला, असे मला वाटले. कदाचित तो माझाच असेल.

तर असा हा झेला. आत्ता तो खिडकीतून हलवून गॅलरीत ठेवला आहे. दिवाळीनंतर पाणी निवळले की पुन्हा निघेल. घरात सौ. चकल्या तळते आहे. झाऱ्यावर तेल निथळते आहे. "सोडून आणलेल्या माशांचं कालवण होत नाही," तिने आताच मोठ्याने सुनावले, "तेव्हा येताना बाजारातून सुरमई आणा." मी पिशवी घेऊन निघालो आहे. सुरमई मोठी बघून घेईन.